बांधावरचं आणि माळावरचं

माझ्या बांधावर गिरिपुष्पाची सहाशे झाडं आहेत. त्यातल्या एकाच झाडाला फुलं येतात. बाकीच्यांना मी ती येऊ देत नाही. मृगाच्या आधी, शाळवाच्या पेरणीआधी आणि परत दिवाळीनंतर, अशी वर्षातून तीनदा मी त्यांना कमरेइतक्या उंचीवर छाटतो. फूल धरतं ते जुन्या फांदीवर. माघात पानं गळाली की उघड्या काठीला फिकट गुलाबी तुरे लागतात. ज्याच्या नावातच पुष्प आहे त्याला जन्मभर फुलू द्यायचं नाही, असा हा संसार. विहिरीजवळचं ते एक झाड आमच्या मंडळींनी राखलंय. "एवढं एक तरी फुलू द्या," म्हणाली. त्यावर माघ-फाल्गुनात काळे भुंगे दिवसभर घुमतात.

हे झाड आपल्याकडचं नव्हे. मेक्सिको आणि त्याच्या खालच्या मुलखातलं. तिकडं कोकोच्या बागेला सावली म्हणून लावतात, त्यामुळं त्याला कोकोची आई म्हणतात. त्याच्या इंग्रजी नावाचा, ग्लिरिसिडियाचा, मूळ अर्थ मात्र उंदीर मारणारं. बी आणि साल वाटून, धान्यात कालवून उंदरांना घालायची तिकडं चाल होती. एकाच झाडाला एकानं आई म्हणावं आणि दुसऱ्यानं मारेकरी. पूर्वी मला याची गंमत वाटायची. आता नुसती गंमत वाटत नाही, ते का, हेच सांगायला बसलोय.

आमचं गाव माणदेशात. पाच एकर रान, त्यातलं तीन एकर मुरमाड. 1994 साली मी नर्सरीतून पिशवीतली दोनशे रोपं आणली. त्यावेळी तशा रानात बाजरी आणि मटकी यापलीकडं काही धड येत नव्हतं. शेणखत घालावं तर जनावरं दोनच. दहावीच्या पुस्तकात द्विदल झाडाच्या मुळांवरच्या गाठी वाचल्या होत्या, हवेतला नत्र त्या धरतात म्हणून. ती एवढी एक गोष्ट शाळेतली कामाला आली. दीड-दीड फुटावर बांधावर रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं. मग पाणी लागलं नाही. शेळीनं तोंड लावलं नाही, कारण ओल्या पाल्याला एक उग्र वास येतो. कोमेजवून दिला तर काही शेळ्या खातात, पण उभ्या झाडाला सहसा लागत नाहीत. तिसऱ्या वर्षापासून पाला रानात पडायला लागला.

आता हिशोब सांगतो, कारण शेतकऱ्याला झाडाचं प्रेम विचारू नये, हिशोब विचारावा. शंभर किलो ओला पाला वाळला की पंचवीस किलोच्या आसपास भरतो. वाळलेल्या पाल्यात नत्र शेकडा अडीच-तीन. म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र पावणेएकवीस किलो. तेवढा पाल्यातून मिळवायचा तर तीन टन ओला पाला लागतो. माझी सहाशे झाडं वर्षभरात तेवढा देतात, पाऊसकाळ बरा असला तर थोडा जास्त. म्हणजे सहाशे झाडं, तीन छाटण्या, कोयत्यानं हाताला आलेले घट्टे, आणि पदरात काय, तर युरियाची एक गोणी. दुकानात ती 266 रुपये 50 पैशाला मिळते.

हा हिशोब मी एकदा मंडळींपुढं मांडला. ती म्हणाली, "मग एवढा कुटाणा कशापायी?"

मी तिला रानात नेलं आणि ढेकूळ हातात दिलं. पूर्वी ते दगडासारखं असायचं, आता बोटानं फुटतं. पाला पंधरा-वीस दिवसांत कुजून मातीला मिळतो. पाऊस पडला की पाणी रानात थांबतं. शेजारचा शाळू दुपारी माना टाकायला लागला, तरी माझा आठ-दहा दिवस तग धरतो. बांध फुटायचा बंद झाला. हे कुठल्याच गोणीत मिळत नाही. तरीही मी याला पुण्य म्हणणार नाही. मी झाड लावलं ते माझ्या पोटासाठी, आणि छाटतो तेही माझ्या पोटासाठीच.

बांधाला लागून चुलतभावाचं रान आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो तणतणत आला. "तुझ्या झाडांची सावली माझ्या पिकावर. चार तासं पिवळी पडली. उपटून टाकीन एकेक." भांडण झालं. चार दिवस बोलणं बंद. मग मला गुमान त्याच्या बाजूनं दीड हात खोल चर मारून मुळं तोडावी लागली. छाटणीची उंची कमी केली आणि त्या ओळीचा पाला त्याला द्यायचं ठरलं. आता तो आपणहून विचारतो, कधी छाटतोस म्हणून. त्यावेळी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, माझ्या बांधाचं जे काही बरं झालं, त्यात अर्धा वाटा त्याच्या भांडणाचा आहे.

आता माळाकडं येतो.

गावाच्या उत्तरेला गायरान आहे, चाळीस एकर माळ. 1998 च्या सुमाराला आमच्याकडं पाणलोटाची कामं आली. सलग समतल चर खणायचे आणि चरावर झाडं लावायची. गावात समिती झाली. बांधावरची झाडं बघून लोकांनी मला समितीत घेतलं. त्या काळात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द गावोगाव शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असायचे. वारंच तसं होतं. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडलेली माणसं अजून हयात होती. माळ हिरवा होणार म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

झाडं कोणती लावायची, हा प्रश्न आला. कोणी म्हणालं लिंब, कोणी करंज, कोणी म्हणालं हिवर आणि बोर आपोआप येतील, नुसती राखण करा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, गिरिपुष्प लावा. पाणी नको, कुंपण नको, शेळी खात नाही, शंभरातली नव्वद जगतील. कामाची तपासणी जगलेल्या झाडांच्या टक्केवारीवर व्हायची. करंज मागं पडला, लिंब मागं पडला. टाळ्या पडल्या. लावणीच्या दिवशी शाळेच्या पोरांनी दिंडी काढली, पाहुण्यांनी भाषणात तुकोबांचा झाडांवरचा अभंग म्हटला, आणि दोन पावसाळ्यांत आम्ही बारा हजार रोपं लावली. नव्वद नाही, पण ऐंशीच्या वर जगली. माझा सत्कार झाला. त्यातली शाल अजून ट्रंकेत आहे.

ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव एकमतानं झाला. एकमत झालं, कारण ज्यांचं मत वेगळं असतं ती माणसं सभेला नव्हती. ती माळावर होती, शेळ्यांमागं.

गावनात्यानं मी जिला आत्या म्हणतो अशी एक बाई होती. आहे अजून. रान गुंठाभरसुद्धा नाही. नवरा लवकर गेला. अकरा शेळ्या आणि एक बोकड, ही तिची शेती आणि हीच तिची पतपेढी. पोराच्या शाळेला पैसे लागले की एक करडू जायचं, दुखणं आलं की पाट जायची. ती आम्हाला चरावर रोपं लावताना बघून म्हणाली होती, "लावा की बाबांनो, झाडं चांगलीच. पर माजी शेळी वाचाय शिकल्याली न्हाई. तिला भितीवरलं काय कळतंय?" आम्ही सगळे हसलो होतो.

त्या वर्षी भादव्यात तिच्या शेळ्या माळावर सापडल्या. समितीचा दंड पन्नास रुपये. अक्षर बरं म्हणून पावतीपुस्तक माझ्याकडं असायचं. पावती मी फाडली. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून पैसे मोजून दिले. काही बोलली नाही. त्यानंतर दोन वर्षं ती सडकेच्या कडंनं, ओढ्याच्या काठानं, कुणाच्या कापलेल्या रानातनं शेळ्या फिरवत होती. तिसऱ्या वर्षी एकेक करून तिनं त्या बाजारात नेल्या. त्या बाजारात मीही होतो, बियाणं घ्यायला. मी दुसऱ्या गल्लीनं गेलो.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. नियम होता, नियमाप्रमाणं झालं. विहिरींना पाणी वाढलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पाणी वाढलं ते चरांनी, झाडांनी नव्हे, हे मला नंतर कळलं. पण वाहवा झाडांची झाली, कारण झाड लांबून दिसतं आणि चर बुजून जातो.

दहा-बारा वर्षांमागं गवताळ माळांचा अभ्यास करणारी एक पोरगी गावात आली होती. लोकांनी तिला माझ्याकडं धाडलं. मी मोठ्या तोऱ्यात तिला माळावर नेलं. फेब्रुवारीचा महिना, सगळा माळ गुलाबी. आता शहरातनं लोक येतात ते बघायला, फोटो काढतात. तिनं फोटो काढला नाही. तिनं विचारलं, "काका, याच्या आधी इथं काय होतं?"

मी म्हणालो, "काही नव्हतं. पडीक होतं."

"काहीच नव्हतं?"

मी परत म्हणालो, काही नाही. ती गप्प बसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी खोटं बोललो होतो आणि बोलताना मला ते खोटं वाटलं नव्हतं. तिथं कुसळ होतं. पवन्या होता, मारवेल होती. दसऱ्याच्या सुमारास माळ सोन्यासारखा व्हायचा आणि चालताना कुसळं धोतराला टोचायची. तरवडाची पिवळी फुलं होती, बोराट्या होत्या. तितर पायाखालनं फर्रकन उडायचा. चंडोल गात गात वर चढायचा तो दिसेनासा होईपर्यंत. लहानपणी मी स्वतः तिथं गुरं राखलीत. मेंढरं घेऊन धनगर यायचे, ते शेकोटी करून बसायचे. हे सगळं मला पाठ होतं. तरी सातबारावरचा शब्द माझ्या तोंडात असा बसला होता की डोळ्यांनी बघितलेलं मी विसरलो. पडीक म्हणजे जिथनं आपल्याला काही मिळत नाही ते. दुसऱ्याला मिळत होतं, ते आमच्या मोजणीत नव्हतंच.

आज तिथं झाडांखाली बसून बघा. दाट लावणीत गवत नाही म्हटलं तरी चालेल. गळलेला पाला आणि त्यातनं उगवलेली त्याचीच पोरं. उन्हात शेंगा तडकतात आणि बी लांब फेकतात, दुपारी त्याचा तडतड आवाज येतो. एकाच जातीचं रान. तितर गेला. जळण मिळतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. चार-पाच घरांच्या चुली त्यावर चालतात, आणि ते जळण चांगलं असतं.

मी खूप विचार केला की झाड तेच, लावणारा तोच, मग एका जागी बरं झालं आणि दुसऱ्या जागी असं का? कोणी म्हणेल, परदेशी झाड, दुसरं काय होणार. मला ते पटत नाही. मिरची परदेशी, भुईमूग परदेशी, मकाही परदेशी. माझ्या बांधावर हे झाड वाईट नाही. मी आजही कुणी विचारलं तर बांधावर लावा असंच सांगतो.

फरक मला दिसतो तो असा. बांधावर मी स्वार्थानं झाड लावलं. स्वार्थाला हिशोब असतो. पाला किती, गोणी किती, माती कशी झाली, हे मी दर वर्षी बघत होतो. नुकसान झालं असतं तर माझं झालं असतं, आणि शेजाऱ्याचं झालं तेव्हा तो भांडायला आला. त्याला भांडायचा हक्क होता, कारण त्याच्या नावावर सातबारा होता. माळावर मी परोपकार करायला गेलो. तिथं माझं काही जाणार नव्हतं. कष्टाची मजुरी मिळाली, वर शाल मिळाली. पुण्याला हिशोब कोण विचारतो? ज्यांचं गेलं त्यांच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळं ते भांडायलाही येऊ शकले नाहीत. आत्या भांडायला आली असती तर मी तिला म्हणालो असतो, आत्या, हे सगळ्यांच्या भल्याचं आहे. 'सगळे' म्हटल्यावर त्यात ती धरली आहे की नाही, हे मोजायची गरज मला वाटली नसती.

स्वार्थी माणूस चुकला तर त्याला चूक टोचते. चांगलं काम करणारा चुकला तर त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो ऐकेल कसा? म्हणून परोपकार करूच नये का? असं म्हटलं तर गाव चालणार नाही. चर खणले नसते तर पाणी आलं नसतं, आणि ते आत्याच्या दारातल्या आडालाही आलं. एवढ्यावर येऊन माझं डोकं थांबतं. माझं शिक्षण कमी पडतं की प्रश्नच असा आहे, माहीत नाही.

परवाच्या वर्षी तरण्या पोरांनी ग्रामसभेत नवा ठराव आणला. पलीकडचा वीस एकर माळ अजून मोकळा आहे. तिथं पाच हजार गिरिपुष्पं लावायची, एक कंपनी पैसे देणार. मी उठलो आणि नको म्हणालो. तिथं गवत आहे, त्यावर अजून तीन घरांच्या शेळ्या जगतात, त्यांना आधी बोलवा. पोरं हसली. एक म्हणाला, "काका, त्या माळाची शाल तुम्हीच घेतली आणि आता आम्हाला नको म्हणता?" खरं होतं. उत्तर नव्हतं. खाली बसावं लागलं. ठराव पुढच्या सभेवर गेला आणि शेळ्यावाल्यांना बोलवायचं तेवढं मान्य झालं. त्या सभेत काय झालं ते अजून चाललंय, त्यावर वेगळं लिहीन.

मी माझ्यापुरतं एक केलं. पंचायतीला अर्ज करून जुन्या माळातला अर्धा एकर तुकडा मागून घेतला आणि नातवाला घेऊन तिथली झाडं काढायला लागलो. तेव्हा कळलं, मी बांधावर ज्या गुणाचं कौतुक करत होतो तोच इथं आडवा येतोय. कितीही छाटा, परत फुटतं. बुडक्यासकट खणल्याशिवाय जात नाही. दोन उन्हाळे कुदळ चालवली. पाला आणि फाटे गाडीनं रानात नेले. पहिल्या पावसाळ्यात नुसता तरोटा माजला. नातू म्हणाला, "आबा, हेच पायजे होतं का?" दुसऱ्या पावसाळ्यात तरोट्यातनं कुसळ वर आलं. एका चराच्या कडंला वीतभर पवन्या दिसला. बी कुठनं आलं, कुणास ठाऊक. मातीत इतकी वर्षं राहिलं, का मेंढराच्या लोकरीला चिकटून आलं.

त्यातली मूठभर उपटून मी आत्याकडं गेलो. आता ती ऐंशीच्या घरात आहे. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, ओट्यावर बसून असते. मी गवत तिच्या हातात दिलं. तिनं बोटांनी काडी चाचपली, नाकाला लावली.

"पवन्या हाय," म्हणाली. "कुठला रं?"

"माळावरला."

ती बराच वेळ काडी बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता शेळी सोडली तर पावती फाडशील का?"